पाठराखीण

कॉलेजात नोकरीला लागले त्या दिवशी माझ्या हाती तीन गोष्टी आल्या : हजेरीपट, अभ्यासक्रमाची झेरॉक्स आणि वेळापत्रकाचा कागद. वेळापत्रकातले सगळे तास एफ.वाय.चे होते. विभागप्रमुख म्हणाले, ‘‘सुरुवात पहिल्या वर्षापासूनच करायची असते, सोपं असतं,’’ आणि ते त्यांच्या टी.वाय.च्या तासाला गेले. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. वर्गात एकशेवीस मुलं होती. पन्नास मिनिटांसाठी काढलेलं टाचण अठरा मिनिटांत संपलं. मी विचारलं, ‘‘काही शंका?’’ कुणी तोंड उघडलं नाही. मग तेच टाचण मी पुन्हा, जरा हळू, सांगितलं. पुढची दोन वर्षं मी जवळजवळ असंच शिकवत होते, आणि मुलं गप्प आहेत म्हणजे त्यांना समजतंय, असं धरून चालत होते.

हे पुस्तक पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांसाठी आहे. बारावीतून कॉलेजात आलेल्या मुलांना काय अडतं, यावर आता थोडंफार बोललं जातं. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला काय अडतं, हे मात्र स्टाफरूमच्या बाहेर क्वचितच जातं, आणि स्टाफरूममध्येही ते चहाच्या कपाबरोबर संपतं.

आपल्याकडे पहिलीच्या मुलाला शिकवायचं तर डी.एल.एड. लागतं, नववीच्या मुलाला शिकवायचं तर बी.एड. लागतं. तोच मुलगा अठराव्या वर्षी कॉलेजात आला की त्याला शिकवणाऱ्याकडे पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. असली म्हणजे झालं. विषय येतो की नाही हे तपासलं जातं. तो दुसऱ्याला कसा शिकवायचा, हे नेमणुकीआधी शिकवण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसा पगार असावा, अशी मागणी केली होती. शाळांपुरती प्रशिक्षणाची अट रुजली. कॉलेजच्या दारात मात्र ती अजून पोचलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या पीएच.डी. नियमांत संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापनाचंही प्रशिक्षण घ्यायला सांगितलं आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. पण पीएच.डी. न करता नेट-सेटवर थेट वर्गात येणाऱ्यांची संख्या आपल्या कॉलेजांत मोठी आहे.

नेमणुकीनंतरची सोय आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात आले. पुढे त्यांचं मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि 2023 पासून ते सगळं शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली आलं. मी स्वतः ओरिएंटेशनला गेले तेव्हा नोकरीला चार वर्षं झाली होती. चांगली व्याख्यानं ऐकली, इतर जिल्ह्यांतली माणसं भेटली, आणि तिथल्या एका ज्येष्ठ सरांनी संध्याकाळी मेसमध्ये जेवताना मला वर्गात प्रश्न कसा विचारायचा ते सांगितलं. त्या महिन्यातलं सगळ्यात टिकलेलं शिकणं ते होतं. पण ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. मोजक्या तासांचं मानधन, तेही कित्येकदा महिनोन्‌महिने थकलेलं, आणि एका आठवड्यात दोन-दोन कॉलेजं. महिनाभर प्रशिक्षणाला गेलं तर त्यांचे तास कोण घेणार आणि घर कशावर चालणार? आणि वेळापत्रकात एफ.वाय.चे तास बहुतेक त्यांच्याच नावावर असतात.

आता या पुस्तकात वारंवार येणाऱ्या ‘सेमिनार’ या शब्दाबद्दल. आपल्या कॉलेजांत सेमिनार म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे राष्ट्रीय चर्चासत्र, आणि दुसरं म्हणजे विद्यार्थ्याने फळ्यापाशी उभं राहून पीपीटी वाचून दाखवणं. या पुस्तकात शब्द वेगळ्या अर्थाने आला आहे. पंधरा-वीस मुलं, एक शिक्षक, एक टेबल, सगळ्यांनी वाचून आणलेला एक मजकूर आणि त्यावर मुलांनी एकमेकांशी बोलणं. मुळात लॅटिनमध्ये ‘सेमिनारिउम’ म्हणजे रोपवाटिका. कोकणात आम्ही भाताचा तरवा टाकतो ती जागा. जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात योहान मथियास गेसनर यांनी 1737 च्या सुमारास अभिजात भाषांचं सेमिनार सुरू केलं ते प्रामुख्याने पुढे शाळांत शिकवणार असलेल्या तरुणांना तयार करण्यासाठी. म्हणजे विद्यापीठातलं सेमिनार जन्माला आलं तेच शिक्षक घडवण्याच्या गरजेतून. आपण त्याच्याकडे आज निव्वळ विद्यार्थ्यांचा कार्यक्रम म्हणून पाहतो, तेव्हा त्याचा अर्धा हेतू विसरलेला असतो.

पहिल्या वर्षासाठीच खास सेमिनार ठेवण्याची पद्धत रुजली अमेरिकेत. हार्वर्डमध्ये 1959 साली असे वर्ग सुरू झाले, आणि तिथे ते घ्यायला विद्यापीठातले नावाजलेले, अनुभवी प्राध्यापक पुढे आले. दहा-बारा मुलं, गुणांची चढाओढ नाही. आपल्या हिशेबाच्या नेमकं उलट : सगळ्यात नवी मुलं सगळ्यात मुरलेल्या माणसांच्या हाती. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

पण मला जास्त जवळची वाटते ती साउथ कॅरोलायना विद्यापीठाची हकिकत. 1970 च्या मे महिन्यात केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले आणि अमेरिकेतली विद्यापीठं पेटली. कोलंबिया शहरातल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठातही विद्यार्थी प्रशासनाच्या इमारतीत घुसले आणि खुद्द अध्यक्ष टॉमस जोन्स अडकून पडले. जोन्स पेशाने इंजिनिअर. शिक्षा काय करायची एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलांना आपल्या विद्यापीठाविषयी इतकी परकेपणाची भावना का आहे, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. त्यातून 1972 मध्ये ‘युनिव्हर्सिटी 101’ हा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम निघाला. छोटे वर्ग, विद्यापीठात कसं राहायचं आणि कसं शिकायचं याची उघड चर्चा. जोन्स यांचं खरं शहाणपण पुढच्या पायरीत होतं. हा वर्ग ज्याला घ्यायचा आहे त्याने आधी कार्यशाळेला बसलं पाहिजे, अशी अट त्यांनी पहिल्यापासून ठेवली. मुलांना बदलायचं तर त्यांच्यासमोरचा माणूस आधी बदलावा लागेल, आणि ही कार्यशाळा निमित्त होऊन विद्यापीठाची शिकवण्याची रीतच बदलेल, असा त्यांचा अंदाज होता. त्या पहिल्या तुकडीत इतिहास शिकवणारा जॉन गार्डनर नावाचा तरुण होता. तो स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षी जेमतेम तग धरून राहिलेला. 1974 मध्ये कार्यक्रमाची सूत्रं त्याच्याकडे आली, आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्याने हेच काम केलं. वर्ग घेणारे सगळे प्राध्यापकच होते असंही नाही. ग्रंथपाल आणि कार्यालयातले अधिकारीही हे प्रशिक्षण घेऊन शिकवू लागले. 1990 च्या दशकात वर्गात शिक्षकाच्या जोडीला वरच्या वर्षाचा एक विद्यार्थी बसू लागला. अभ्यासक्रम आजही चालू आहे.

तिथली श्रीमंती आपल्याकडे नाही, हे मला कुणी सांगायला नको. आपल्याकडे तुकडी एकशेवीसची, बाकं जमिनीला ठोकलेली, आणि जुलैत लावणी सुरू झाली की निम्मा वर्ग शेतात. तरी पहिल्या वर्षाकडे नव्याने बघायची वेळ आली आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पहिल्या वर्षाला लागू झालं. मुख्य विषयाबरोबर भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्याचे पेपर आले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची वाटही खुली झाली. ज्याला नीट सांभाळून घेतलं नाही तो मुलगा आता रीतसर दारातून निघून जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नव्या मुलांच्या स्वागताचा आराखडा काढला, त्यात मुलांसाठी काय करावं हे तपशिलात आहे. ते करणारी माणसं तयार कशी करावीत आणि मग वर्षभर कशी टिकवावीत, याची उत्तरं प्रत्येक कॉलेजला आपापली शोधावी लागतात. या पुस्तकातले लेख आमच्या शोधातून आलेले आहेत.

माझी आजी लग्न होऊन सासरी गेली तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून तिची आत्या गेली होती. लग्नाआधी घरातल्या प्रत्येकाने आजीला उपदेश केला होता. तो तिकडे पोचल्यावर तिला काही आठवला नाही. पाण्याची कळशी कुठे ठेवतात, कुणाला काय म्हणून हाक मारायची, सासू रागावली तर राग खरा की वरवरचा, हे आत्याने आठ दिवसांत हेरून तिच्या कानात सांगितलं. आपल्याकडे नव्या शिक्षकाला जूनमध्ये उपदेश मिळतो. पाठराखीण मिळत नाही.

म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही पाचजणांनी दर गुरुवारी एक तास ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसायचं ठरवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांचे वीस-वीसचे गट केले. शास्त्र शाखेत प्रॅक्टिकलला अशा बॅचेस असतातच, आम्ही तोच साचा कला शाखेच्या ट्युटोरिअलला लावला. प्रत्येकाकडे एक गट, आणि गुरुवारी त्या आठवड्यात आपल्या गटात काय झालं ते सांगायचं. नियम एकच : ‘मुलं वाचतच नाहीत’ अशी सरसकट तक्रार करायची नाही, कोणत्या मुलाने कोणत्या पानावर वाचणं सोडलं, ते सांगायचं. हा नियम पाळायला आम्हालाच दीड वर्ष लागलं.

दुसऱ्या वर्षी एक तरुण सहकारी आली, तासिकेवर. तिच्या गटाचा विषय होता आठवडा बाजार. तिने मला वर्गात येऊन बसायला सांगितलं. मी कागदावर टेबलाचा आकार काढला, वीस टिंबं केली आणि कोण बोलतं तिथे रेघ मारत गेले. तिने विचारलं, ‘‘बाजारात मासळीचा भाव कोण ठरवतं?’’ आणि कुणी श्वास घेईपर्यंत स्वतःच उत्तर दिलं. तासभरात चार टिंबांपुढे रेघा होत्या, सोळा टिंबं कोरी. तास संपल्यावर मी कागद तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, मला ती शांतता सोसवत नाही हो.’’

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या आसपास शाळांतल्या विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, आणि ज्यांच्याकडून शिक्षकांना फारशी अपेक्षा नसते तीही बोलू लागतात. आम्ही गुरुवारी याचा सराव केला, अगदी एकमेकांना प्रश्न विचारून आणि मनात आकडे मोजून. पुढच्या आठवड्यात तिने तोच प्रश्न पुन्हा टाकला आणि पाण्याची बाटली उघडून सावकाश दोन घोट घेतले. टेबलाच्या टोकाला बसणारी, पाच आठवडे एक शब्द न बोललेली एक मुलगी म्हणाली, ‘‘सकाळी लिलावात ठरतो तो वेगळा. दुपारी शेवटची एसटी सुटायच्या आधी आई सांगते तो भाव नसतो, गिऱ्हाईक सांगतं तो असतो.’’ तिच्या शेजारचा मुलगा लगेच म्हणाला की आंब्याचंही तसंच. पुढचा अर्धा तास शिक्षिकेला काही बोलावं लागलं नाही. मुलीची आई बंदरावर मासळी विकते हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं; प्रवेश अर्जावर पालकाच्या व्यवसायासमोर ‘घरकाम’ लिहिलेलं होतं.

दुसरी गोष्ट वह्यांची. एका विद्यार्थ्याचा दोन पानांचा लेख आम्ही सहाजणांनी एकाच वेळी वाचला आणि प्रत्येकाने खाली एक शेरा लिहिला. शेरे एकत्र ठेवल्यावर दिसलं की पाच शेरे ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आहेत. सहावा होता : ‘‘पहिल्या पानावर तू गाईडचं वाक्य घेतलंस, दुसऱ्या पानावर मात्र तुझ्या वाडीतल्या विहिरीचं उदाहरण स्वतःचं दिलंस. ते आधी का नाही आणलंस?’’ त्या दिवसानंतर आम्ही शेऱ्यातलं पहिलं वाक्य मुलाच्या विचाराबद्दल लिहायचं असं ठरवलं. शुद्धलेखनाचं महत्त्व मी कमी मानत नाही, मी मराठीच शिकवते. पण वही परत मिळालेल्या मुलाने ती बंद करून दप्तरात टाकली, तर माझी लाल शाई वाया गेली.

जूनआधीचं प्रशिक्षण आम्ही दोन दिवसांवर आणलं आहे. नव्या शिक्षकाने दहा मिनिटांचा एक भाग आमच्यासमोर घ्यायचा आणि लगेच सुधारून पुन्हा घ्यायचा. बी.एड. झालेल्यांना हे सूक्ष्म अध्यापन ओळखीचं वाटेल. 1960 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली ही रीत आपल्या अध्यापक महाविद्यालयांत कधीच रुळली आहे. याहून जास्त आधी सांगून उपयोग नसतो. प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर डोक्यात राहत नाही.

दोन गोष्टी मात्र मी आग्रहाने सांगेन. गुरुवारच्या तासाला मानधन हवं. तासिकेवरचा माणूस फुकट येऊन बसेल अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. आमच्याकडे तिसऱ्या वर्षापासून हा तास तासिका म्हणून धरला जाऊ लागला, आणि त्याच वर्षी हजेरी पूर्ण झाली. दुसरं, वर्गात जाऊन बसणाऱ्याने काढलेला कागद शिक्षकाच्या हाती द्यायचा आणि विसरायचा. तो गोपनीय अहवालात गेला, प्राचार्यांच्या टेबलावर गेला किंवा तपासणीच्या फायलीत लागला की पुढच्या वेळी कुणी दार उघडणार नाही. तपासणीसाठी केलेल्या नोंदींचं काय होतं तेही मला ठाऊक आहे : मुलांच्या नोंदी ठेवायच्या मेंटॉरच्या वह्या वर्षअखेरीस एका बैठकीत भरल्या जाताना मी पाहिल्या आहेत. एका मुलाच्या नावापुढे ‘प्रगती समाधानकारक’. त्या मुलाने दिवाळीनंतर कॉलेज सोडलेलं होतं.

आमचं सगळं जमलं असं नाही. दोन गट पूर्ण फसले. त्यांतला एक माझा होता, आणि त्यावरचा लेख मी या पुस्तकात आवर्जून ठेवला आहे. एस.वाय.च्या मुलांना सोबतीला घेण्याचा प्रयोग पहिल्या वर्षी कोसळला, कारण आम्ही त्यांनाही काही न शिकवताच वर्गात पाठवलं होतं. जी चूक आमच्याबाबतीत झाली तीच आम्ही त्यांच्याबाबतीत केली.

लेख लिहिणाऱ्या अकराजणांपैकी सातजण तासिका तत्त्वावर आहेत. काहींनी मधल्या काळात कॉलेज बदललं, एकीने शिकवणंच सोडलं आणि तिने ते का सोडलं हेही लिहून दिलं. शेवटून दुसरा लेख तिचा आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. ज्यांचा पहिला तास येत्या सोमवारी आहे त्यांनी थेट चौथं प्रकरण काढावं. त्यात पहिल्या दिवसाचं टाचण आहे : वीस मुलांची नावं एका तासात कशी लक्षात ठेवायची, कोण कोणत्या एसटीने येतं ते का विचारायचं, आणि ‘काही शंका?’ याऐवजी काय विचारायचं. पानाच्या समासात जागा सोडली आहे. तिथे आपल्या मुलांची नावं लिहा.